वस्तरा आणि हात

हत्यार बोथट असल्यामुळें काम बिघडलें तर दोष हत्याराचा. पण तें उत्तम धारेचें असूनहि जखम झाली तर दोष कोणाचा? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या ग्रंथांत शोभण्यासारखा आहे खरा. तथापि त्याचें उत्तर विचारावयाचें झाल्यास उघड्या वस्तऱ्यानें स्वतःची दाढी करूं लागलेल्या नवशिक्यासच विचारावें असें आम्हांस वाटतें. येथें कापणारा व कापला जाणारा एकच असतो, आणि साक्षीला आरसा समोर असतो.

वस्तरा हातीं घेणाराची पहिली समजूत अशी असते कीं, कापण्याचें काम जोरानें होतें. भाजी चिरणें, लांकूड तासणें या कामांनीं त्यास तेंच शिकविलेलें असतें. वस्तरा ही समजूत पहिल्याच दिवशीं मोडतो. पात्याची पाठ गालापासून थोडीशीच उचललेली, सुमारें 30 अंशांचा कोन. दुसऱ्या हाताच्या बोटांनीं कातडी ताणलेली. ऊन पाण्यानें केस मऊ झालेले. आणि वस्तरा केसांच्या वाढीच्या दिशेनें, त्याच्या स्वतःच्या वजनाहून फारसा अधिक भार न देतां, ओढावयाचा. कोन वाढला तर पातें कातडींत शिरूं पाहतें. फार कमी झाला तर केस कापले न जातां ओढले जातात. सर्वांत मोठें पथ्य हें कीं, पातें धारेच्या लांबीच्या दिशेनें केसभरहि सरकूं देतां कामा नये. सुरी चिरते ती याच गतीनें. म्हणून जाणते लोक सांगतात कीं, पहिले कांहीं दिवस गालांवरच समाधान मानावें; हनुवटीचा उंचवटा आणि वरचा ओठ यांच्या वाटेस मागाहून जावें. दाढीपूर्वीं चामड्याच्या पट्ट्यावर पातें फिरवावयाचें, तें पाठ पुढें व धार मागें ठेवून. परततांना तें पाठीवर उलटवावयाचें, धारेवर उलटविलें तर धार मुडपते आणि पट्ट्यासहि चीर पडते. निसण्यावर मात्र क्रम उलटा, धार पुढें.

हें सर्व आम्हीं दहा-बारा वाक्यांत सांगितलें. पण तेवढीं वाक्यें पाठ करून कोणाची दाढी होत नाहीं. पॅरिस येथील झां-झाक पेरे नांवाच्या, सुऱ्या-कात्र्या घडविणाऱ्या कारागिरानें 1769 सालीं स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर एक ग्रंथच लिहिला. मौज ही कीं, याच गृहस्थानें पात्यास रंध्याप्रमाणें आडकाठी बसवून जखम टाळणारा वस्तराहि योजिला. ग्रंथ वाचूनहि हात शिकतोच असें नाहीं, हें त्याच्या ध्यानीं आलें असावें! पुढें अमेरिकेंत किंग जिलेट यांस 1904 सालीं ज्या रेझराचें पेटंट मिळालें, त्यानें ती सोय घरोघर पोंचविली. सावधपणा हातांतून निघाला आणि वस्तूंत जाऊन बसला.

यास आम्ही अधःपात म्हणणार नाहीं. ज्यास सकाळची गाडी गांठावयाची आहे त्यास धोक्याचें तत्त्वज्ञान ऐकविणें हा निर्दयपणा होय. आणि जखमेंत कांहीं पुण्य आहे असेंहि आम्हांस वाटत नाहीं. परंतु ज्या सावधपणाचा आपणांस कधींच अनुभव नाहीं, त्याची किंमत आपणांस करतां येत नाहीं, व तो ज्यांच्या हातांत आहे त्यांची तर मुळींच येत नाहीं. आमच्या भाषेंत ‘हजामत’ हा शब्द फजितीस पर्याय झाला. ‘बिनपाण्यानें’ केली म्हणजे तर विचारूंच नये. धोपटी घेऊन येणारास ओसरीच्या आंत मज्जाव असे, आणि त्याच माणसापुढें गांवचे पाटील व शास्त्री गळा उघडा टाकून निर्धास्त बसत! कठोपनिषदांतील वस्तऱ्याच्या धारेच्या उपमेवर पंडितांनीं उदंड विवेचन केलें. ती धार लावणाराची कोणीं विचारपूस केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. संत सेना न्हावी यांनीं मात्र आपल्या धंद्याच्या सामानांतूनच परमार्थाचें रूपक उभारलें.

महिनाभर स्वतःच्या गालाशीं झगडलेल्या नवशिक्यास एक गोष्ट विशेष कळते. त्यास स्वतःच्या कातडीची तक्रार आंतून ऐकूं येते. कोठें थांबावें हें ती सांगते. न्हाव्यास तें साहाय्य नाहीं. दुसऱ्याच्या कातडीचें दुःख त्यास आपल्या बोटांत ओळखावें लागतें, तेंहि दुःख होण्यापूर्वीं. नीतिशास्त्र ज्यास परदुःखाची जाणीव म्हणतें, ती येथें रोजच्या मजुरीचा भाग आहे.

आणि जबाबदारी एकदां हातावर आली म्हणजे ती जखमेपुरतीच राहत नाहीं. वस्तरा बिनचूक चालला एवढ्यानें तो चालावयास हवा होता असें ठरत नाहीं. पिढ्यान् पिढ्या उच्चवर्णीय विधवांचें केशवपन झालें तें याच कुशल हातांनीं. आज्ञा दुसऱ्यांची, आणि आज्ञा देणारांस वस्तरा धरण्याचें कारण पडत नसे. 1890 सालीं मुंबईंतील न्हाव्यांनीं सभा भरवून हें काम यापुढें करावयाचें नाहीं असें ठरविलें. सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्या चळवळीस आधार होता. केशवपनाच्या शास्त्राधारांविषयीं विद्वानांत वाद चालूच होते. या मंडळींनीं पोथी उघडली नाहीं. नेहमीच्या मिळकतीचा एक भाग सुटणार आणि यजमानांचा रोष ओढवणार हें उघड दिसत असतां त्यांनीं ठराव केला.