गुडघा कुणाचा?

२०२२ च्या प्रो कबड्डी लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाखांची बोली लागली. तोवर या लीगमध्ये एवढी रक्कम कुणालाच मिळाली नव्हती. ८ ऑक्टोबरला तो तमिळ थलायवाजकडून पहिला सामना खेळायला उतरला आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच गुडघ्याला मार बसून स्ट्रेचरवरून बाहेर गेला. त्याचा मोसम तिथेच संपला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लावून घेतलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘कमबॅक’ची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. मला मात्र त्या दोन रकमांच्या मधल्या वर्षाबद्दल बोलायचंय. त्या वर्षात तो गुडघा नक्की कुणाचा होता? ज्यांनी बोली लावली त्यांचा? ज्याच्या पायात दुखत होतं त्याचा? की मोबाइलवर सामना बघत ‘अरे यार, हा तर संपला’ म्हणणाऱ्या आपला?

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे आणि शेजारच्या आंबेगावात कबड्डी टीव्हीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. यात्रेत, शिवजयंतीला, गणपतीत हॅलोजनच्या उजेडात रात्रभर सामने चालतात. वजनी गट असतात, फक्कीने आखलेल्या रेषा असतात आणि माइकवर एक काका असतात, ज्यांना प्रत्येक खेळाडूच्या वडिलांचं नाव माहीत असतं. चांगल्या खेळणाऱ्या पोराचं स्वप्न ठरलेलं असायचं: खेळाच्या कोट्यातून पोलिसात, रेल्वेत किंवा सैन्यात नोकरी. खेळ म्हणजे त्या नोकरीकडे जाणारी वाट.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि वाटेला फाटा फुटला. पहिल्या लिलावात सगळ्यात मोठी बोली होती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. पुढच्या आठ वर्षांत ती किती वाढली ते वर आलंच आहे. नारायणगावच्या बाजारात ‘लिलाव’ म्हटलं की टोमॅटोचे क्रेट डोळ्यांसमोर येतात. आता तोच शब्द पोरं स्वतःसाठी वापरायला लागली, आणि अभिमानाने.

अभिमान वाटावा असं उदाहरणही जवळच आहे. आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याने बेल्हे मागे टाकलं की पारनेर तालुका लागतो. तिथल्या टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ ला त्याच्या कप्तानीखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, आणि मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्यानंतरच्या मोसमात त्याचाही गुडघा दुखावला आणि अर्ध्यातूनच त्याला बाहेर बसावं लागलं.

या खेळात असं होणारच. चढाईत तुम्ही एका पायावर वळता आणि त्याच क्षणी समोरचा घोटा धरतो, दुसरा मांडी धरतो, तिसरा अंगावर येतो. पाय मॅटला घट्ट, वरचं शरीर फिरलेलं. सगळ्या गावाचा भार त्या एका सांध्यावर.

अस्लम किंवा पवन यांच्यामागे निदान संघाचे डॉक्टर आणि फिजिओ असतात. आमच्या भागातला एक मुलगा मला माहितीये, तालुक्यात नाव काढलेला रेडर. गावच्याच स्पर्धेत त्याच्या गुडघ्याचा एसीएल तुटला. ऑपरेशनचे पैसे घरच्यांनी कांद्यावर उचल घेऊन उभे केले. आज तो पिकअप चालवतो आणि डावा गुडघा क्लच दाबताना दुखतो म्हणतो. त्याने आणलेले चषक ग्रामपंचायतीच्या कपाटात आहेत. गुडघा मात्र त्याच्या एकट्याच्या घरी आहे.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘त्याला कुणी जबरदस्ती केली होती का? त्याला खेळायचं होतं, तो खेळला.’

हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. रॉबर्ट नोझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ च्या पुस्तकात त्याची सगळ्यात तगडी बाजू मांडली आहे. विल्ट चेंबरलेन हा बास्केटबॉलचा मोठा खेळाडू. समजा प्रत्येक प्रेक्षक तिकिटाबरोबर २५ सेंट वेगळे, त्याच्या नावाच्या पेटीत टाकतो. दहा लाख लोक आले, चेंबरलेनला अडीच लाख डॉलर मिळाले. प्रत्येकाने खुशीने दिले, त्याने खुशीने घेतले. यात अन्याय कुठे झाला? नोझिक म्हणतो, कुठेच नाही.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हा युक्तिवाद मला आवडतो. स्वच्छ आहे. इनपुट न्याय्य, प्रत्येक पायरी न्याय्य, म्हणून आउटपुट न्याय्य. पण यातला एक व्हेरिएबल कुणी मोजलेलाच नाही. पेटीत नाणी पडताना दिसतात, पण त्या बदल्यात शरीरातून काय गेलं ते कुठल्याच पेटीत दिसत नाही. ते दहा-पंधरा वर्षांनी दिसतं, तेव्हा प्रेक्षक घरी गेलेले असतात. व्यवहार एका संध्याकाळचा आणि परिणाम आयुष्यभराचा असेल, तर ‘दोघेही खूश होते’ एवढ्यावर हिशोब कसा मिटेल?

माझ्या कामातही शरीर झिजतं. मान आखडते, डोळे जातात. पण हातात प्रोजेक्ट नसला की मला ‘बेंच’वर बसवतात आणि पगार चालू असतो. पीएफ कापला जातो, ग्रुप इन्शुरन्स आहे, आणि तिशीत कुणी मला ‘संपला’ म्हणणार नाही. नोकरी मीही संमतीनेच घेतली. तरी माझ्या संमतीने कंपनीची जबाबदारी संपत नाही. मग खेळाडूच्या संमतीनेच ती का संपावी?

इथे मला आमच्याकडचा दुसरा एक धावणारा आठवतो. बैल.

जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यत हा जिव्हाळ्याचा विषय. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर या शर्यतींवरही बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या सगळ्या वर्षांत वाद एकाच गोष्टीभोवती फिरत होता: प्राण्याला वेदना होतात आणि त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. वाद कुठे संपायला हवा होता याबद्दल गावागावांत मतभेद आहेत, पण प्रश्न बरोबर होता. बैलाने संमती दिलेली नाही, म्हणून त्याचं काय होतं याची जबाबदारी आपली.

आणि ही जबाबदारी ओळखणारे मालक आहेत. घाट गाजवलेला बैल म्हातारा झाला, बारी द्यायचा थांबला, तरी त्याला दावणीवरून हलवत नाहीत. तो गेला की पुरतात, दशक्रिया घालतात, गावजेवण देतात. बाजार दाखवणारेही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बाजार दाखवणाऱ्याला गाव नावं ठेवतं. म्हणजे ‘याने आपल्यासाठी धावून घेतलंय, आता याचं आपल्याकडे काही देणं लागतं’ ही जाणीव आपल्यात आहे. ती माणसापर्यंत पोचत नाही, एवढंच. बैल बोलू शकत नाही म्हणून आपण त्याचं देणं मानतो. माणूस ‘हो’ म्हणाला, म्हणून आपण मोकळे होतो.

नारायणगावच्या विठाबाई आठवून बघा. बाळंतपणाच्या कळा येत असतानाही फडावर उभ्या राहिलेल्या त्या बाईची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या. पुढे त्यांच्या नावाने राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. टाळ्या वेळेवर पोचल्या, बाकी सगळं उशिरा.

यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. खेळाडू म्हणजे दावणीचा बैल नव्हे. त्याला ‘सांभाळायची’ भाषा अपमानाची आहे. हे मला पटतं. म्हणूनच मी दयेबद्दल बोलत नाहीये, हक्काबद्दल बोलतोय. दया मालकाच्या मनावर असते, हक्क कागदावर असतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हे झगडून मिळवावं लागलं. माइक वेबस्टर हा पिट्सबर्गचा खेळाडू, चार सुपर बोल जिंकलेला. २००२ मध्ये पन्नाशीत वारला तेव्हा त्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालेलं होतं. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी झालेला आजार जगापुढे आला. पुढे साडेचार हजारांहून जास्त माजी खेळाडू कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये लीगने ७६.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, चूक कबूल न करता. या खेळाडूंनीही करारावर सही केलीच होती. त्यांचं म्हणणं होतं, धोका किती आहे ते आम्हाला सांगितलं नव्हतं. काय विकतोय हे विकणाऱ्यालाच माहीत नसेल, तर त्या संमतीला किती वजन द्यायचं? तिथे १९५६ पासून खेळाडूंची संघटना आहे आणि ठरावीक मोसम खेळलेल्याला पेन्शन आहे. हे लीगच्या चांगुलपणातून आलं नाही, एकत्र उभं राहण्यातून आलं.

लीगने काय करावं हे तुमच्या-माझ्या हातात नाही. गावची स्पर्धा आहे. आपल्याकडे पहिल्या बक्षिसासाठी, मंडपासाठी, डीजेसाठी, पाहुण्यांच्या शाली-फेट्यांसाठी वर्गणी निघते. त्याच पावती पुस्तकातून उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा निघू शकतो. एक फेटा कमी पडेल. माइकवरच्या काकांनी बक्षिसाची रक्कम सांगताना विम्याची रक्कमही सांगावी, म्हणजे ती पाळली जाईल.

आणि प्रेक्षक म्हणून? पुढच्या वेळी कुणी गुडघा धरून बसला, तर ‘संपला’ म्हणण्याआधी थोडं थांबू. त्याचा खेळ संपलेला असेलही. आपलं देणं संपलेलं नाही.