तराजूत कोणाचे मांस?

२०१४ च्या डिसेंबरात सोनी पिक्चर्सने ‘द इंटरव्ह्यू’ हा चित्रपट प्रदर्शनाला आठवडा उरला असताना मागे घेतला, तेव्हा अमेरिकेत जो तो एकच विचारत होता : सोनी घाबरली का? हा प्रश्न विचारणाऱ्याला फुकट पडतो, कारण दुसऱ्याच्या भित्रेपणावर बोलताना आपल्या खिशातले काही जात नाही. चित्रपट म्हणाल तर थिल्लर. टीव्हीवरच्या एका उथळ मुलाखतकाराला उत्तर कोरियाच्या किम जोंग उनची मुलाखत मिळते, सीआयए त्याच्यावर आणि त्याच्या निर्मात्यावर किमला मारण्याची कामगिरी सोपवते, आणि पुढे सगळा आचरटपणा. पण नीतीचे अवघड प्रश्न भारदस्त निमित्ताची वाट पाहत बसत नाहीत. परकी सत्ता धमकावते तेव्हा झुकावे की झुकू नये, एवढ्यावर आपण वाद घालतो. त्या न झुकण्याची किंमत कोण मोजणार, हे मात्र विचारायचे राहून जाते. माझे म्हणणे असे की हा दुसरा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय पहिल्याला उत्तर देण्याचा अधिकारच कोणाला मिळत नाही.

घडले ते असे. जूनमध्येच उत्तर कोरियाने हा चित्रपट म्हणजे युद्धाची कृती असल्याचे जाहीर केले आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे पत्र धाडले. २४ नोव्हेंबरला सोनीच्या कर्मचाऱ्यांनी संगणक उघडले तर पडद्यावर लाल सांगाडा. स्वतःला ‘गार्डियन्स ऑफ पीस’ म्हणवणाऱ्यांनी कंपनीची यंत्रणा पोखरली होती. पुढच्या काही आठवड्यांत पगाराचे आकडे, कर्मचाऱ्यांची खासगी माहिती, न प्रदर्शित झालेले चित्रपट आणि वरिष्ठांची एकमेकांना लिहिलेली, चारचौघांत म्हणता न येणारी पत्रे चव्हाट्यावर आली. लोकांनी ती चवीने वाचली. चोरीचा माल वाचतो आहोत याची लाज फारशी कोणाला वाटल्याचे दिसले नाही. १६ डिसेंबरला धमकी थेट प्रेक्षकांकडे वळली : ११ सप्टेंबर २००१ आठवा, आणि हा चित्रपट दाखवणाऱ्या थिएटरांपासून लांब राहा. असा कट शिजत असल्याची विश्वासार्ह माहिती नाही, असे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने सांगितले, तरी दुसऱ्या दिवशी मोठ्या थिएटर साखळ्यांनी एकामागून एक अंग काढून घेतले आणि सोनीने २५ डिसेंबरचे प्रदर्शन रद्द केले. १९ तारखेला एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवले. त्यावर संगणक सुरक्षेतल्या काही जाणकारांनी शंकाही घेतल्या. पुढे २०१८ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने उत्तर कोरियाच्या एका प्रोग्रामरवर गुन्हा दाखल केला. धमकीमागचा हात कोणाचाही असो, ज्यांच्यापुढे ती येऊन पडली त्यांच्यापुढचा पेच तोच राहतो.

या साखळीतला प्रत्येक दुवा वेगळा काढून पाहा, एकही जण मूर्खासारखा वागलेला दिसत नाही. थिएटरवाल्यांचेच घ्या. जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा गावी बॅटमॅनच्या चित्रपटाच्या मध्यरात्रीच्या खेळात एका माथेफिरूने बारा जणांना गोळ्या घातल्या. ते थिएटर सिनेमार्क या साखळीचे होते. असा हल्ला होऊ शकेल हे तुम्हाला आधी ओळखता यायला हवे होते, असा दावा मृतांच्या नातेवाइकांनी आणि जखमींनी कंपनीवर लावला, आणि तो फेटाळून लावायला ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायाधीशांनी नकार दिला. चारच महिन्यांनी त्याच कंपनीच्या वकिलांपुढे लेखी धमकी येऊन पडली. या वेळी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय उरली नव्हती. त्यात नाताळचे दिवस, थिएटरे मॉलमध्ये, शेजारच्या पडद्यांवर लहान मुलांचे चित्रपट. साखळ्या हटल्यावर सोनी म्हणाली, दाखवायला पडदेच नाहीत तर प्रदर्शन कसले? राष्ट्राध्यक्ष ओबामा म्हणाले, सोनी चुकली, आधी माझ्याशी बोलायला हवे होते. त्यावर सोनीच्या प्रमुखांनी टीव्हीवर उलट सुनावले की राष्ट्राध्यक्षांचाच गैरसमज झाला आहे. सगळ्यांचे म्हणणे आपापल्या जागी खरे, आणि बेरीज मात्र अशी की एका हुकूमशहाला नको असलेला चित्रपट अमेरिकेत लागला नाही. धमकी देणाऱ्याची अक्कल यातच असते. सगळ्या समाजाला घाबरवायची त्याला गरज पडत नाही. ज्याच्या खांद्यावर ओझे एकट्याचे आहे असा एक दुवा सापडला की त्याचे काम झाले.

महाभारतातली शिबी राजाची गोष्ट आपण लहानपणापासून दयेची गोष्ट म्हणून ऐकत आलो. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडते. ससाणा म्हणतो, हे माझे अन्न आहे, ते मला दे. राजा कबूतर देत नाही. त्याच्या वजनाइतके मांस स्वतःच्या अंगाचे कापून तराजूत टाकतो, आणि पारडे हलेना तेव्हा स्वतःच तराजूत चढून बसतो. या गोष्टीत एक तपशील आपण गृहीत धरून पुढे जातो. शिबी हा राजा होता. द्वारपालाला किंवा स्वयंपाक्याला बोलावून ‘याचे शेरभर मांस काढा’ असे फर्मावणे त्याला सहज शक्य होते, आणि तरीही कबूतर वाचलेच असते. तत्त्व तेवढेच अढळ राहिले असते, पण गोष्ट धर्माची न राहता क्रौर्याची झाली असती. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. तिथे अभय हा ज्याचा त्याचा गुण आहे. पण आपल्याकडच्या हिंदू आणि जैन परंपरांनी अभय ही द्यायची वस्तूही मानली, सगळ्या दानांत ते थोर ठरवले आणि राजाचे तर ते कर्तव्यच सांगितले. या दोन्हींची गल्लत झाली की ज्याने अभय द्यायचे तो उठून दुसऱ्याला निर्भय होण्याचा उपदेश करू लागतो. त्या डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये नेमके हेच झाले. दारावर तिकिटे फाडणाऱ्या, तासावर पगार घेणाऱ्या पोराने लोकशाहीसाठी उभे राहावे, असे ज्यांच्या भोवती अंगरक्षकांचे कडे आहे ते सांगत होते.

त्याच १६ डिसेंबरचा एक योगायोग तेव्हा फारसा कोणी या वादात आणला नाही. ११ सप्टेंबरनंतर, २००२ मध्ये, अमेरिकेने दहशतवादी हल्ल्याच्या विम्यामागे सरकार उभे करणारा कायदा केला होता. नुकसान एका मर्यादेपलीकडे गेले तर त्याचा मोठा वाटा सरकार उचलेल, अशी त्याची रचना. तो कायदा वर्षअखेर संपत होता आणि १६ डिसेंबरला सिनेट त्याचे नूतनीकरण न करताच सुट्टीवर गेले. नूतनीकरण झाले ते जानेवारीत. थिएटरांनी याच कारणाने माघार घेतली असे मी म्हणत नाही. पण राज्यसंस्थेने धोका वाटून घेणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे विचारले तर उत्तर असल्या रूक्ष कलमांत सापडते. भाषणे कोणीही करू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा की हा चित्रपट लायकीचाच नव्हता. जिवंत राष्ट्रप्रमुखाचे नाव घेऊन त्याच्या खुनावर विनोद करायचा, हे आपल्या पंतप्रधानांबद्दल कोणी केले तर आपल्याला चालेल का? मला चालणार नाही, निदान आवडणार नाही. पण नापसंतीने नाकारणे आणि धाकाने नाकारणे ही बाहेरून सारखी दिसणारी दोन वेगळी कृत्ये आहेत, आणि याचा पुरावा त्याच साखळ्यांच्या इतिहासात मिळतो. २००६ मध्ये ‘डेथ ऑफ अ प्रेसिडेंट’ हा ब्रिटिश चित्रपट आला. त्यात तेव्हा पदावर असलेल्या जॉर्ज बुश यांच्या काल्पनिक हत्येचे चित्रण होते. रीगल आणि सिनेमार्कने तो दाखवायला नकार दिला. कोणी धमकावले नव्हते. विषय त्यांना गैर वाटला. तो निर्णय चूक म्हणा, संकुचित म्हणा, पण तो त्यांचा होता आणि त्याच्याशी वाद घालता येत होता. २०१४ च्या नकारात वाद घालायला समोर कोणी नव्हतेच. जो चित्रपट मुळात करू नये असे वाटते तोसुद्धा धमकीनंतर मागे घेणे कठीण होऊन बसते, कारण आता मागे घेण्याचा अर्थ आपण ठरवत नाही, धमकी देणारा ठरवतो. अभिरुचीची चर्चा करायची ती त्याने दारातून पाऊल मागे घेतल्यावर. हॉलिवूडच्या स्वाभिमानाबद्दल मात्र मला फार भाबडेपणा करायचा नाही. २०१२ च्या ‘रेड डॉन’मध्ये अमेरिकेवर चढाई करणारे सैन्य चित्रीकरणात चिनी होते, चीनची बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून नंतर संगणकावर त्यांचे झेंडे बदलून ते उत्तर कोरियाचे केले गेले. तिकिटे विकत न घेणाऱ्या देशाला खलनायक करणे स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप जड आहे. एका फालतू विनोदी चित्रपटासाठी एकाही माणसाचा जीव का धोक्यात घालायचा? एका बाजूला दोन तासांची करमणूक, दुसऱ्या बाजूला, शक्यता कितीही क्षीण असो, मृत्यू. हा हिशेब एकेका प्रसंगापुरता मांडला तर माघार घेणे प्रत्येक वेळी शहाणपणाचेच ठरते, आणि गडबड तिथेच आहे, कारण माघारीची किंमत त्या प्रसंगाच्या वहीत कधी नोंदलीच जात नाही. सोनीने निर्णय घेतला त्याच दिवशी न्यू रिजन्सीने ‘प्याँगयाँग’ नावाच्या चित्रपटाचे काम थांबवले. गी दलील यांच्या चित्रकादंबरीवरचा तो चित्रपट, स्टीव्ह करेल प्रमुख भूमिकेत, चित्रीकरण सुरू व्हायचे होते. त्याला वेगळी धमकी द्यावीही लागली नाही. काही थिएटरांनी निषेध म्हणून किमच्या वडिलांची टर उडवणारा २००४ चा ‘टीम अमेरिका’ लावायचे ठरवले, तर पॅरामाउंटने तोही देऊ केला नाही. आणि जे विषय कोणा लेखकाने त्या हिवाळ्यात मनातल्या मनातच बाजूला ठेवले असतील, त्यांची मोजदाद कोण करणार? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘ओरे ओरू ग्रामथिले’ या तमिळ चित्रपटाच्या खटल्यात हाच हिशेब प्रसंगापुरता मांडायला नकार दिला. मोर्चे निघतील, हिंसा होईल या भीतीने अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याच्या राज्यालाच नकार, असे न्यायालयाने म्हटले, आणि बंदोबस्त जमणार नाही ही सबब राज्याला नाकारली. त्या निकालात चित्रपटगृहाच्या मालकाला शौर्याचा उपदेश नाही. काम सांगितले आहे ते सरकारला.

ओझे वाटून घेता येते याचीही उदाहरणे आहेत. रश्दींच्या ‘सॅटॅनिक व्हर्सेस’वरून निघालेला फतवा लेखकाच्या नावाने होता, पण १९९१ मध्ये जपानमध्ये मारले गेले ते त्याचे अनुवादक हितोशी इगाराशी, आणि १९९३ मध्ये ऑस्लोत गोळ्या झेलून वाचले ते प्रकाशक विल्यम निगार्ड. एकटे नाव दिसले की तिथे वार होतो. १९९२ ची पेपरबॅक आवृत्ती म्हणूनच कोणा एका प्रकाशनसंस्थेच्या नावाने न निघता ‘द कन्सॉर्शियम’ अशा सामूहिक नावाखाली निघाली. सोनीच्या वेळी जॉर्ज क्लूनी यांनी नेमके हेच सुचवले होते : चित्रपटधंद्यातल्या सगळ्या मोठ्यांनी एका निवेदनावर सह्या करायच्या, म्हणजे कोणी एकटा सापडणार नाही. एकानेही सही केली नाही. पुढे आठवडाभराने सोनीने विचार बदलला तेव्हा चित्रपट इंटरनेटवरून घरोघरी गेला आणि तीनशेहून थोड्या जास्त थिएटरांत लागला. त्यांत बहुतेक लहान, स्वतंत्र मालकांची होती. घरी पाहणाऱ्यांचा धोका हजारो दिवाणखान्यांत पांगला, लक्ष्य करायला एक सभागृह राहिले नाही. या छोट्या थिएटरवाल्यांचे मला कौतुक आहे, पण त्यांच्या यशावरून काही सिद्ध करायला मी धजणार नाही. काही घडले नाही म्हणून धमकी पोकळ होती असे म्हणणे म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोपा होता म्हणण्यासारखे आहे.

माझ्या म्हणण्याला सर्वांत जास्त ताण देणारी घटना मात्र अमेरिकेतली नाही, कोरियातलीच आहे. उत्तरेतून पळून आलेले कार्यकर्ते वर्षानुवर्षे दक्षिणेतून फुग्यांना पत्रके बांधून सीमेपार सोडत आले. ‘द इंटरव्ह्यू’च्या चकत्याही तशाच पाठवायचे त्यांनी २०१५ मध्ये ठरवले. आता हे लोक भेकड तर नाहीतच, त्यांनी जीव मुठीत धरून सीमा ओलांडलेली आहे. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये उत्तरेने अशाच फुग्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा त्या दक्षिणेतल्या यॉनचॉन परगण्यात येऊन पडल्या, आणि फुगे सोडणारे संध्याकाळी सोलला परतत असले तरी यॉनचॉनचे शेतकरी तिथेच राहतात. त्यांनी फुग्यांना विरोध केला तेव्हा त्यांना हुकूमशहाचे हस्तक म्हणणे सोपे होते, काहींनी म्हटलेही. शिबीची कसोटी लावली तर शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे खरे ठरते : तराजूत मांस त्यांचे होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून पत्रके बंद करायची का? दक्षिण कोरियाच्या संसदेने डिसेंबर २०२० मध्ये तसा कायदा केला, तुरुंगवासाच्या तरतुदीसह. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. सीमेवरच्या लोकांची भीती न्यायालयाने खोटी ठरवली नाही. पण त्या भीतीपोटी बोलणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणे अतिरेकी आहे असे म्हटले, आणि कुठल्या दिवशी, कुठल्या गावाजवळ खरोखर धोका आहे हे पाहून अडवण्याचे, सावध करण्याचे अधिकार पोलिसांकडे आधीपासून आहेतच, याकडे लक्ष वेधले. म्हणजे प्रत्येक वेळी वाऱ्याची दिशा पाहून, गावकऱ्यांशी बोलून, कार्यकर्त्यांशी हुज्जत घालून निर्णय घेण्याचे कटकटीचे काम त्या निकालाने सीमेवरच्या ठाण्यांच्या अंगावर टाकले.