चित्रकाराचें मौन

१६३६ सालीं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा वकील म्हणून सरदार अरुंडेल सम्राट दुसऱ्या फर्डिनंडच्या भेटीस निघाला, तेव्हां वाटेंत कोलोन येथें त्यानें एक चित्रकार पदरीं ठेवला. त्याचें नांव वेन्सेस्लाउस होलार. वाटेंतील नगरें व नदीचे कांठ रेखाटणें हें त्याचें काम. तीं चित्रें छापील प्रतींतून का होईना, पण न्याहाळतांना आम्ही दरवेळीं थक्क होतों. र्‍हाइनचें संथ पाणी, त्यावर होड्या, पलीकडे तट, तटामागें चर्चचे मनोरे. बोटभर जागेंत अख्खें शहर, आणि एकही रेघ अधिक नाहीं!

त्याच लवाजम्यांत विल्यम क्राउन नांवाचा दुसरा एक मनुष्य होता. त्यानें लिहिलेली प्रवासाची हकीगत १६३७ सालीं प्रसिद्ध झाली. प्रवास तोच, नदीही तीच. परंतु तेथें लुटलेलीं गांवें आहेत, आणि बाखाराख येथें तोंडांत गवत असलेलीं भुकेल्यांचीं प्रेतें आहेत. तीस वर्षांचें युद्ध अजून चालूच होतें. होलारच्या शांत देखाव्यांत त्या भुकेचा मागमूसही लागत नाहीं.

मग हीं चित्रें खरीं म्हणावींत काय? दाखविलें तें अचूक; गाळलें तेंच भयंकर. त्याला युद्ध ठाऊक नव्हतें, असें म्हणवत नाहीं. १६२० सालीं प्रागजवळ व्हाइट माउंटनची लढाई झाली, तेव्हां हा प्रागचाच मुलगा तेरा वर्षांचा होता. असले प्रसंग त्याच्या हाताला साधत नव्हते, असेंही नाहीं. १६४१ सालीं स्ट्रॅफर्डच्या शिरच्छेदास लोटलेला जनसमुदाय त्यानेंच तांब्याच्या पत्र्यावर कोरला. धन्याला नगरें हवीं होतीं, हें उत्तर व्यवहाराचें झालें. आमचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं.

तथापि त्याला खोटा म्हणतांना आमची लेखणी अडखळते. १६६६ च्या आगींत लंडनचें जुनें सेंट पॉल जळालें. तें कसें होतें हें आज आपण बव्हंशीं त्याच्याच चित्रांवरून जाणतों. १६४७ च्या त्याच्या प्रचंड लंडनचित्रांत ग्लोब नाटकगृह आणि अस्वलांच्या झुंजींचा आखाडा यांच्या नांवांची अदलाबदल झाली आहे खरी; परंतु इमारती जागच्या जागीं आहेत. चूक अक्षरांत झाली, रेषेंत नाहीं. दुःखानें कांपणाऱ्या हाताला ही रेषा साधली असती काय, कोण जाणे.

आतां आम्ही तीं चित्रें क्राउनची हकीगत शेजारीं ठेवूनच पाहतों. होड्या पूर्वीसारख्याच सुरेख दिसतात. कांठावर मात्र नजर फार वेळ ठरत नाहीं.