सत्संगात त्या मुलालाही जागा हवी



आरती सुरू होते, झांजा आणि घंटा वाजू लागतात आणि एखादे मूल कानांवर हात दाबून किंचाळते. माना वळतात. ‘आईने वळण लावले नाही,’ कोणी पुटपुटते. ‘मागच्या जन्मीचे भोग,’ दुसरे कोणी म्हणते. पुढच्या सत्संगाला ती आई येत नाही.

ते मूल स्वमग्न असू शकते. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. १९४३ मध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणातून तिचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या मायेतील उणिवेला दोष दिला गेला; तो समज विज्ञानाने खोडून काढला आहे. लसीकरणाशी तिचा संबंध जोडणारा १९९८ चा लेखही २०१० मध्ये मागे घेतला गेला.

हाक मारल्यावर न वळणे, नजर न मिळवणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, ऐकलेले शब्दच पुन्हा म्हणणे, हात फडफडवणे, रोजचा क्रम बदलला की अस्वस्थ होणे, ही काही लक्षणे. कुणाला आवाज, उजेड किंवा स्पर्श असह्य होतो. कुणी बोलत नाही, तर कुणी आवडत्या विषयावर तासन्‌तास बोलते. म्हणूनच याला ‘स्पेक्ट्रम’ म्हणतात.

शंका आल्यास अंगारे-धुपाऱ्यांत वेळ न दवडता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी लवकर सुरू झाल्यास मुलाला मोठी मदत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे.

राजा जनकाच्या सभेत अष्टावक्रांचे वाकडे शरीर पाहून पंडित हसले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. पण आपल्याच सभेत एखादे मूल वेगळे वागले, की आपण त्या पंडितांच्या रांगेत जाऊन बसतो. प्रत्येक जीवात ईश्वर पाहण्याच्या साधनेची परीक्षा त्याच क्षणी होते.

म्हणून पुढच्या वेळी त्या कुटुंबाला घंटेपासून दूर, दाराजवळ जागा द्या. आरती सुरू होण्याआधी मुलाला तसे सांगू द्या. ते मध्येच उठून फिरले तर फिरू द्या. आणि जी आई यायची थांबली आहे, तिच्या घरी जाऊन म्हणा, ‘ताई, तुम्ही दोघेही या. आम्ही वाट पाहतो.’ ही सेवाही आरतीइतकीच पवित्र आहे.