पडीक जनुक

शेळी आपल्याला लागणारं क जीवनसत्त्व आपल्याच यकृतात तयार करते. ग्लुकोजपासून निघणाऱ्या या साखळीच्या शेवटच्या पायरीला गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज नावाचं विकर लागतं. माणसाचं घोडं नेमकं याच पायरीवर अडतं. गंमत अशी, की त्या विकराचं जनुक आपल्यातून पुरतं गेलेलं नाही. आठव्या गुणसूत्रावर ते आजही आहे; काही तुकडे गळालेले, उरलेल्या मजकुरात भलत्याच जागी पूर्णविराम पडलेले. अशा जनुकाला छद्मजनुक म्हणतात.

हे मोडलं सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, माकडं, वानर आणि टार्सिअर यांच्या समाईक पूर्वजात. लेमूरांकडे ते अजून चालू आहे. गिनीपिगच्या वंशात तेच जनुक पुढे स्वतंत्रपणे बाद झालं. म्हणूनच १९०७ साली नॉर्वेत बेरीबेरी या आजाराचा माग काढणाऱ्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना निव्वळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांमध्ये क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारी स्कर्व्ही दिसली. उंदीर घेतले असते, तर ती दिसलीच नसती.

नकलेतल्या चुका कुठल्याच जनुकाला चुकत नाहीत. तण प्रत्येक रानात उगवतं. निंदणी थांबते ते रान पडीक होतं. जनुकांची निंदणी नैसर्गिक निवड करते: ज्याच्यावाचून अडतं असं जनुक बिघडलेला जीव मागे फारशी संतती ठेवत नाही. फळं-पाला खाणाऱ्या आपल्या पूर्वजांचं मात्र काहीच अडलं नाही. सुकाळातच हे जनुक गेलं.

चालू जनुकात तीन-तीन अक्षरांच्या गटातलं तिसरं अक्षर बदललं तरी अर्थ बहुधा तोच राहतो, म्हणून बदल तिथे जास्त साचतात. ली, गोजोबोरी आणि नेई या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवलं, की छद्मजनुकात तिन्ही अक्षरं साधारण सारख्याच वेगानं बदलतात. अर्थच उरला नाही, तर राखायचं काय?

एखादी चूक योगायोगानं उलटून सुधारेलही. साचलेल्या चुकांचा ढीग सुधारत नाही. निवडीला आजची अडचण तेवढी कळते, उद्याची बेगमी तिला माहीत नाही. पुढे ताज्या फळांवाचून महिनोन्महिने दर्यावर काढणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा गरज परत आली होती. पण जनुकाची दुरुस्ती होण्याची वेळ कधीच टळून गेली होती.