उणे पाच

फळावर डोळा ठेवू नकोस, असं गीता सांगते. फळ किती मिळालं ते तक्त्यात भरून द्या, असं महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक सांगते. मी या दोघींच्या मधे, देवघेवीच्या काउंटरवर बसते. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाची ग्रंथपाल आहे. दर वर्षी परीक्षांच्या आधी वाचकांकडून प्रश्नावली भरून घेते आणि दर वर्षी तोच प्रश्न मला छळतो. काम निष्कामपणे करायचं असेल, तर ‘कसं वाटलं?’ हे विचारायचंच कशाला?

आमच्या प्रश्नावलीचं मूळ अमेरिकेत आहे. परशुरामन, झाइथमल आणि बेरी या तिघांनी 1980च्या दशकात सेवेची गुणवत्ता मोजायची ‘सर्व्हक्वाल’ नावाची पद्धत बसवली. (परशुरामन आपल्याकडचे, मद्रास आयआयटीत शिकलेले.) बँका, क्रेडिट कार्डं, शेअरदलाली आणि यंत्रांची दुरुस्ती या धंद्यांचा अभ्यास करून ती सिद्ध झाली. पुढे 2000च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेनं टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या साथीनं तिचा ग्रंथालयांसाठी ‘लिबक्वाल’ केला. त्यात 22 विधानं आहेत. प्रत्येक विधानापुढे वाचकानं एक ते नऊमधले तीन आकडे लिहायचे : किमान किती असलं तर चालेल, मनात किती हवं आहे आणि प्रत्यक्षात किती मिळतं. मग मिळालेल्यातून हवं असलेलं वजा करायचं. आम्ही हीच रीत मराठीत, थोडी आटोपशीर करून वापरतो.

बँकेची फूटपट्टी सरस्वतीच्या मंदिराला लावता, असं म्हणणारे प्राध्यापक आहेत. मला त्यांचं पटत नाही. कपाटांना कुलपं लावून किल्ल्या कमरेला बाळगणारे ग्रंथपाल मी पाहिले आहेत. त्यातला एकही कामचुकार नव्हता. वाळवी लागू नये म्हणून डांबरगोळ्या स्वतःच्या पैशानं आणणारी माणसं ती. आपण सेवा करतो आहोत, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त वाचकाला पुस्तक मिळत नव्हतं. पुस्तकं वापरासाठी असतात, हा आज बाळबोध वाटणारा नियम रंगनाथन यांना 1931 साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला पहिला म्हणून मांडावा लागला, तो काही उगीच नाही.

इथे टिळक आठवतात. ‘गीतारहस्या’त त्यांनी पुष्कळांचं पुष्कळ सुख या पाश्चात्त्य कसोटीची झडती घेतली आहे. त्यात अमेरिकेतल्या ट्रामचा एक दाखला येतो. शहराला ट्राम हवी होती, अधिकाऱ्यांना लाच चारून कोणीतरी ती आणली, सगळ्या गावाची सोय झाली. म्हणून लाच देणं चांगलं कर्म ठरतं का? टिळकांचं उत्तर नाही असं आहे. कर्माचं बाहेरचं फळ मोजून भागत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. हे वाचलं की माझी प्रश्नावली एकदम पोरकी होते. तिच्यातल्या सगळ्या प्रश्नांमध्ये माझ्या बुद्धीबद्दल एकही नाही. सौजन्यानं वागतात का, एवढं विचारलेलं असतं. सौजन्य तर नॅकची समिती यायच्या आठवड्यात सगळ्यांनाच जमतं.

पण याच ग्रंथाची प्रस्तावना मी ग्रंथपाल म्हणून वाचते तेव्हा वेगळंच दिसतं. मंडालेच्या तुरुंगात टिळकांना एका वेळी चारच पुस्तकं जवळ ठेवायची परवानगी होती. (चार! आमच्याकडे पदवीच्या मुलांना दोन मिळतात.) त्यांनी ब्रह्मदेशाच्या सरकारकडे अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि सुटून येताना त्यांच्याजवळ साडेतीनशे ते चारशे पुस्तकं जमली होती. कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ म्हणणाऱ्या माणसानं वाचकाच्या भूमिकेत गेल्यावर तुरुंगाधिकाऱ्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही याचा विचार करत बसण्याऐवजी तक्रार केली. मला यात विसंगती दिसत नाही. बुद्धीचा हिशेब कर्त्यानं स्वतःशी ठेवायचा, पुस्तक मिळालं की नाही ते वाचकानं सांगायचं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिलं की घोटाळा होतो. कुलूपवाल्या मंडळींचा तोच झाला होता.

एवढ्यावर माझं समाधान झालं असतं, पण ती वजाबाकी स्वस्थ बसू देत नाही.

गेल्या खेपेच्या फॉर्मांमधले दोन सांगते. एकावर ‘हवं’ सहा, ‘मिळतं’ आठ. खाली सूचना : खिडकीजवळचा पंखा आवाज करतो, बाकी मस्त. हा अभ्यासिकेत मोबाइल चार्जिंगला लावून डुलकी काढणाऱ्यांपैकी कोणीतरी. आमची सेवा त्याच्या अपेक्षेच्या दोन पावलं पुढे आहे. दुसऱ्यावर ‘हवं’ नऊ, ‘मिळतं’ चार आणि सूचनांच्या चौकटीत बारीक अक्षरात एकच ओळ : महाभारताची चिकित्सक आवृत्ती नाही. फॉर्मवर नाव लिहायचं नसतं, पण आमच्या कॉलेजात ही ओळ लिहिणारी मुलगी एकच. दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीनं येणारी. तिला दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आमच्या परिचरमामांनी दिलं होतं, नेहमीची गाईडं संपली म्हणून, बसल्या बसल्या हे तरी चाळ म्हणत. त्यावरून ती दुर्गाबाईंच्याच ‘व्यासपर्वा’वर गेली, तिथून इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’वर. आता तिला भांडारकर संस्थेनं अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली ती चिकित्सक आवृत्ती हवी होती.

म्हणजे तिच्या ‘हवं’ या रकान्यातले नऊ आम्हीच तयार केलेले. ती आमच्याकडे आली नसती, तर पाच लिहून खूश राहिली असती.

अशी तफावत कमी करायचे दोन मार्ग असतात. देणं वाढवा, नाही तर मागणं कमी करा. दुसरा मार्ग आपल्याकडे फार मानाचा. बुद्धानं तृष्णेत दुःखाचं मूळ पाहिलं, संतांनी आहे त्यात सुख मानायला शिकवलं, आणि ती शिकवण खोटी नाही. पण आपली तृष्णा ज्यानं त्यानं सोडायची असते. दुसऱ्याच्या वतीनं ती सोडून द्यायचा अधिकार मला कोणी दिला? ग्रंथालय समितीत एक सदस्य बोललेच, “मॅडम, बीएच्या पोरीला चिकित्सक आवृत्ती कशाला हवी? नोट्स द्या.” ते समंजसपणेच बोलत होते. पण ज्याला खरेदीचं बिल मंजूर करायचं आहे, त्यानं मागणाऱ्याला वैराग्य शिकवू नये.

या वजाबाकीतून आणखीही काही निसटतं. जे ग्रंथालयाची पायरीच चढत नाहीत त्यांचा फॉर्म कुठून येणार, हा दोष उघडच आहे. रंगनाथन यांचा तिसरा नियम सांगतो की प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. बिचाऱ्या पुस्तकाच्या नावाचा रकाना कोणत्याच प्रश्नावलीत नसतो.

अहवाल करताना सरासरीत सगळं बुडून गेलं. एकूण आकडा बरा आला. ‘केलेली कार्यवाही’ या मथळ्याखाली पंख्यासमोर ‘दुरुस्त केला’ असं लिहिलं. उणे पाच मात्र मी सरासरीतून वेगळे काढून स्वतंत्र ओळीत दाखवले. समन्वयक म्हणाले, एकाच मुलीचं आहे, वगळलं तरी चालेल. मी म्हटलं, “सर, वर्षभराच्या कामातलं दाखवण्यासारखं हेच आहे.” ते हसले. त्यांना विनोद वाटला असावा.

त्या आवृत्तीचे एकोणीस खंड आमच्या अनुदानात बसत नाहीत. तूर्त सुकथनकरांनी संपादित केलेला 1933चा आदिपर्वाचा खंड आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवला आहे. खंड बाहेर न्यायचा नाही, म्हणून ती वाचनकक्षातच बसते. मामा तिला पंखा सोडून कोपऱ्यातलं टेबल देतात. परवा तळटिपांवर बोट ठेवून विचारत होती, या इतक्या पोथ्यांपैकी कुठली खरी हे कोणी ठरवलं? मी तिला संस्कृतच्या सरांकडे पाठवलं. पुढच्या सर्वेक्षणात आकडा आणखी खाली जाणार, हे समितीला आताच सांगून ठेवलं आहे.