मूलबंधन आणि फलप्राप्ती

इंग्लंडातील बागवान अंजिराचे रोप लावताना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटणारी एक दक्षता घेतात. सुमारे २ फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणून त्याच्या चारही बाजू ते फरशांनी अथवा विटांनी बांधून काढतात, तळाशी विटादगडांचे तुकडे दाबून भरतात आणि मग त्या कोठडीत रोप लावतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : मुळांस मोकळीक मिळाली की हे झाड पानाफांद्यांनी माजते आणि फळ धरावयाचे विसरते, मुळे कोंडली म्हणजे ते फळाकडे वळते. या अनुभवात तथ्य आहे. ओलावा व नत्र मुबलक मिळाले म्हणजे पानांत तयार झालेले अन्न नव्या वाढीतच खर्च होते. वाढीस आळा बसला म्हणजे त्यातील काही शिल्लक पडून फळांच्या वाट्यास येते. १९१८ साली क्राउस व क्रेबिल या अमेरिकन संशोधकांनी टोमॅटोच्या झाडांवरील प्रयोगांतून पिष्टमय द्रव्ये व नत्र यांच्या प्रमाणाशी फलधारणेचा संबंध जोडला होता. पुढील संशोधनाने हा हिशेब इतका सरळ नसल्याचे दाखविले. तथापि माळ्याचा अनुभव त्यामुळे खोटा ठरलेला नाही.

अशा गोष्टीवरून नीतीचा धडा काढण्याचा मोह मनुष्यास आवरत नाही. सुशिक्षित मध्यम वर्गातील आम्हां लोकांस तर हा धडा फारच सोयीचा आहे. मुलास मोकळे सोडले की ते पानांनी माजते; कोंडा, म्हणजे फळ येईल, हे आमच्या घरोघरचे अलिखित शास्त्र होय. सोळा वर्षांच्या मुलाचे खेळ, गाणे आणि मित्र बंद करून त्यास सकाळसंध्याकाळ शिकवणीच्या वर्गात बसविणारा बाप स्वतःस निष्ठुर समजत नाही. तो स्वतःस दक्ष माळी समजतो. म्हणून प्रश्न असा की, बंधनाने फळ येते एवढ्यावरून बंधन घालण्याचा अधिकार प्राप्त होतो काय?

प्रथम हे पाहावे की, अंजिराची ही कोठडी सार्वत्रिक नाही. इंग्लंडचा उन्हाळा अल्प व सौम्य. त्या हवेत फांद्यांच्या शेंड्यांशी धरलेली वाटाण्याएवढी इवली फळेच हिवाळा तगून पुढल्या वर्षी पिकतात; तेव्हा अवास्तव वाढ तेथे परवडत नाही. तुर्कस्तानातील आयदिनच्या उष्ण खोऱ्यात हाच वृक्ष उघड्या रानात मुळे पसरून उभा असतो आणि भरघोस फळतो. आमच्या सासवडच्या बाजूसही कोणी अंजिराच्या मुळांभोवती भिंती बांधीत नाही. पुरंदरच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते मोकळ्या जमिनीतील फळास मिळाले. तेथील शेतकरी खोल काळी जमीन टाळतो आणि खाली मुरूम असलेली, निचऱ्याची जमीन निवडतो. हव्या त्या बहाराच्या आधी काही काळ पाणी तोडून झाडास ताण देतो, आणि ताण पुरा होताच खत व पाणी घालतो. म्हणजे निग्रह येथेही आहे. पण तो ऋतूपुरता आहे, जन्माचा नव्हे. यावरून बंधन हे औषधाच्या जातीचे ठरते. प्रकृती, हवा व काळ पाहून ते द्यावयाचे असते. शेजाऱ्यास गुण आला म्हणून आपल्या मुलास पाजावयाचे नसते.

दुसरा विचार याहून अवघड आहे. हे फळ कोणाचे? अंजीर हा वड, पिंपळ व उंबर यांचा सगोत्र. उंबराचे फूल कोणास दिसत नाही असे आपण म्हणतो, ते अंजिरासही लागू आहे. फुले असतात, पण ती फळाच्या पोटात दडलेली असतात. काही जातींत एक बारीक कीटक आत शिरून परागसंस्कार करतो. आपल्याकडील पुणे जातीच्या अंजिरास त्याची गरज लागत नाही. परागसंस्कारावाचूनच ते पिकते, आणि म्हणून त्याच्या बिया पोकळ राहतात. नवीन झाड करावयाचे ते छाट्याच्या कलमापासून. याचा अर्थ असा की, ज्या फळासाठी एवढा खटाटोप, त्यातून त्या झाडाचा वंश चालत नाही. ते फळ सर्वथा आपले आहे. माळ्यासही हे ठाऊक असते; झाडाच्या कल्याणासाठी आपण त्यास कोंडले असे तो म्हणत नाही. मनुष्यांच्या बाबतीत मात्र हा प्रांजळपणा नाहीसा होतो. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी घर बिघडेल अशी हाकाटी केली. घराचे स्वास्थ्य हे फळ खरेच होते. पण ते खाणारे निराळे आणि ज्यांची मुळे कोंडली त्या निराळ्या. असे असूनही बंधन स्त्रियांच्याच हिताचे म्हणून सांगितले जात असे.

यावर कोणी म्हणेल की, मग मुलास कसलीच शिस्त नको काय? आमचे म्हणणे तसे नाही. बारा वर्षांच्या मुलास आपले पुढील हित कळत नाही, आणि केवळ पानांनी माजलेले आयुष्य त्याचे त्यासही पुढे रुचत नाही. संगीताच्या साधकास रियाजाचे बंधन हवेच असते. पण तो साधक मोठेपणी मागे वळून पाहताना त्या बंधनास आपले म्हणतो. फळ त्याच्या कंठात राहते. बंधनाची हीच कसोटी आम्हांस योग्य वाटते. जाणते झाल्यावर ज्यास आपले म्हणता येईल असे फळ ज्या बंधनातून येते, ते न्याय्य; ज्याचे फळ बापाच्या प्रतिष्ठेच्या ताटात पडते, ते माळीकाम आहे, आणि त्यास पितृप्रेम म्हणू नये.

एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मोकळे झाड पाण्याच्या शोधात दूरवर मुळे धाडू शकते. कोंडलेले झाड तसे करू शकत नाही. उन्हाळ्यात त्यास नेमाने पाणी न घातल्यास धरलेली फळे पिकण्यापूर्वीच गळून पडतात. कुंडीतल्या अंजिराची तर काही वर्षांनी मातीही बदलावी लागते. शिवाय तो जाणता माळी खड्ड्याच्या बाजू बांधतो, पण तळ फरशीने बंद करीत नाही. पाण्यास निचरा आणि एखाद्या चिवट मुळास खाली उतरण्यास वाट ठेवतो. सारांश, जो दुसऱ्याची मुळे कोंडतो तो त्याच्या तहानेचा ऋणी होतो. मुलाचे मित्र काढून घेणाऱ्याने स्वतः त्याचा मित्र व्हावयास हवे. त्याचे मैदान हिरावणाऱ्याने त्याच्या उदास संध्याकाळची चौकशी करावयास हवी. आणि त्याच्या मनाचा तळ, जेथे त्याची स्वतःची आवड उतरत असते, तो कोणीही बांधून काढू नये. आमच्याकडे भिंती बांधणारे पुष्कळ आहेत; रोज सायंकाळी घागर घेऊन येणारे थोडे. ज्यास ती घागर वाहण्याचे सामर्थ्य अथवा सवड नाही, त्याने झाड मोकळ्या रानात लावावे, आणि येईल तेवढ्या फळात समाधान मानावे.